रिपोर्ट नॉर्मल, साखर वाढलेली: किनवटच्या एका गोंड गुड्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. पण पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागतं आणि दुसऱ्या अंगाला तेलंगणातलं आदिलाबाद. डोंगरपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, परधान, नाईकपोड अशा जमातींची वस्ती आहे. प्रकरण ज्या गोंड गुड्यातलं (वाडीतलं) आहे तिथं साठ-सत्तर घरं. घरात गोंडी, बाजारात मराठी आणि सोयरीक तेलंगणात असल्यानं थोडी तेलुगूही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जिच्याभोवती हे सगळं घडलं तिला गुड्यात काकी म्हणतात. इथंही तेच नाव ठेवलं आहे.

काकीचं वय ४२. उंची १५० सेंटिमीटर, वजन ५१ किलो, कमरेचा घेर ८४ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.७. बघणारा म्हणेल, ही कसली शुगरची पेशंट! भारतीयांसाठी २३ च्या पुढं जास्त वजन धरतात, त्याच्याही ती खाली होती. पण बाईच्या कमरेचा घेर ८० च्या वर गेला की धोका मोजायला लागतो, आणि बारीक हातापायांवर सुटलेलं पोट ही या भागातल्या चाळिशीच्या बायांची नेहमीची ठेवण आहे. आईला मधुमेह होता, पायाची जखम चिघळून दोन बोटं काढावी लागली होती. काकीचं दुसरं बाळंतपण घरी झालं, मूल चांगलं वजनदार होतं, पण त्या गरोदरपणात साखर कधी तपासलीच नव्हती. आश्रमशाळेतल्या तपासणीत धाकटा मुलगा सिकलसेलचा (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक निघाला, तेव्हा काकीचीही तपासणी झाली आणि तीही वाहक (एएस) निघाली. हा कागद पत्र्याच्या पेटीत पडून होता. पुढं तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, त्यात तांदूळ जास्त. पूर्वी घरची ज्वारी असायची. ती गेली त्याला कारणं साधी आहेत: कापूस-सोयाबीनला रोख पैसा मिळतो, ज्वारीला पाखरांची राखण लागते, आणि डोंगराकडेच्या वावरात रानडुकरं कणसापर्यंत पीक येऊ देत नाहीत. भात फुकट आणि ज्वारी विकत, अशी उलटी गत झाली आहे. ‘भाकर खा’ असा सल्ला देणाऱ्यानं आधी हा हिशोब मांडावा.

अडचण

भादव्यात आशाताईंनी तीस वर्षांवरच्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजणारे प्रश्नांचे कागद, भरले. काकीचे गुण पाच झाले: वयाचे दोन, कमरेचा एक, घरातल्या मधुमेहाचे दोन. चारच्या वर गेलं की आधी तपासायचं असा नियम आहे. उपकेंद्रात बोटातून घेतलेली साखर जेवणानंतर १६८ आली. १४० च्या वर असल्यानं तिला पुढं पाठवलं.

मुलानं तालुक्याच्या गावी खासगी लॅबमध्ये एचबीए१सी करून आणलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, उपाशी न राहता होणारी तपासणी म्हणून ती सोयीची. आकडा आला ५.६. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं. घरात हुश्श झालं, आणि फाइल तिथंच बंद व्हायची होती.

पहिला निर्णय: कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या: सिकलसेलचा कागद आणि ९.२ हिमोग्लोबिन.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते असं धरून हा आकडा वाचतात. लोह कमी असेल तर पेशी जास्त काळ रक्तात राहतात आणि आकडा खोटाच वर जातो. सिकलसेलचा आजार (एसएस) असेल तर पेशी लवकर फुटतात आणि आकडा खोटाच खाली येतो. वाहकांत कोणत्या पद्धतीनं मोजलं यावरही बरंच ठरतं. शिवाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातली साखर तेवढीच असूनही वाहकांचा एचबीए१सी सुमारे ०.३ नं कमी दिसला होता. काकीच्या बाबतीत एक गोष्ट आकडा वर ढकलणारी, दुसरी खाली ओढणारी. ५.६ चा अर्थ लावणंच शक्य नव्हतं. सिकलसेल आणि रक्तक्षय दोन्ही घरोघरी असलेल्या पट्ट्यात फक्त या तपासणीवर विसंबणं चूक आहे, मग लॅब कितीही चकचकीत असो.

म्हणून ग्लुकोज सहनशीलता चाचणी करायचं ठरलं. कृती सोपी आहे, पण गुड्यातून करताना चार ठिकाणी फसते. आदल्या रात्रीपासून आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. उपाशीपोटी रक्त. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत पिऊन संपवायचं. पहिल्या घोटापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. भुकटी निर्जल नसून साधी मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. पुडीवर वाचल्याशिवाय हे कळत नाही.

पहिला प्रयत्न वाया गेला. सकाळच्या गाडीसाठी चार वाजता उठलेल्या काकीनं कोरा चहा घेतला होता, साखर घालून. “चहा म्हंजे काय जेवण हाय का?” हा तिचा प्रश्न रास्त होता, सांगणाऱ्यानं ‘काही खाऊ नका’ एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी ती आदल्या दिवशीच बहिणीकडं मुक्कामाला गेली. मधले दोन तास बाजारात फिरून यायचा तिचा बेत होता, तोही थांबवला, कारण चालण्यानं दुसरा आकडा खाली येतो. गुड्यात रक्त काढून नळी गाडीनं पाठवण्याचाही विचार झाला होता. पण नळीतल्या पेशी साखर खातच राहतात, साध्या नळीत दर तासाला पाच ते सात टक्के साखर घटते. राखाडी टोपणाच्या फ्लोराइड नळीतही पहिल्या तास-दोन तासांत थोडी घट होतेच. म्हणून चाचणी ग्रामीण रुग्णालयातच झाली आणि रक्त तिथंच लगेच यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या.

उपाशीपोटी १०८, दोन तासांनी १७२. मधुमेह नव्हे (त्याला १२६ किंवा २०० गाठावे लागतात), पण दोन तासांचा आकडा १४० ते १९९ मध्ये, म्हणजे स्पष्ट पूर्वमधुमेह.

पर्याय

एक, काहीच न करता वर्षानं पुन्हा तपासणं. आईचा इतिहास बघता तो कुणालाच पटला नाही.

दुसरा मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी. चेन्नईतून झालेल्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं होतं. राहणीमान बदलल्यानं मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, गोळीनं २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून २८.२. म्हणजे दोन्ही एकत्र देऊन जास्तीचा फायदा नाही. याच अभ्यासात फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तेही अमेरिकेतल्यांपेक्षा कमी वजनावर. डॉक्टरांनी गोळी बाजूला ठेवली, रद्द केली नाही. वजन आधीच कमी, रक्तक्षय चालू, शिवाय घर कामाला बाहेरगावी गेलं की गोळ्या तुटणार.

तिसरा पर्याय नांदेडहून आलेला छापील आहारतक्ता: ओट्स, सफरचंद, साय काढलेलं दूध, ब्राऊन राइस. त्यातली एकही वस्तू आठवडी बाजारात नव्हती. त्याच्यावर जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

चौथा, घराचं ताट आणि गुड्याचं वर्ष पाहून बदल करणं. हाच निवडला.

काय केलं

सुरुवात चुकीनंच झाली. पहिल्या बैठकीत आरोग्य कर्मचाऱ्यानं ‘भात बंद, मोहफूल बंद, गोड बंद’ असं सांगितलं. दुसऱ्या बैठकीला तीन बाया आल्या. “भात सोडला तर पोट कशानं भरावं, माय?” याला उत्तर नव्हतं, आणि मोह ज्यांच्या पूजेतही आहे आणि पोटातही, त्यांना मोह वाईट सांगणं म्हणजे घरच्या माणसालाच नावं ठेवणं. त्यातच तपासणीची नावं आणि आकडे लिहिलेली यादी अंगणवाडीच्या भिंतीला कुणीतरी चिकटवली. ज्यांच्या पोरी लग्नाच्या होत्या त्या घरांनी तपासणीच बंद केली. ‘शुगरचं घर’ हा शिक्का सोयरीक मोडायला पुरतो.

यादी काढली. मग गावपटेल आणि देवारी (गुड्याचे पुजारी) यांच्यासमोर बसून ठरलं: आकडा फक्त ज्याचा त्याला सांगायचा, वही आशाताईंकडं कुलपात राहील, आणि कुठली माहिती बाहेर द्यायची ते गुडा ठरवेल. कॅनडातल्या काहनावाके या मोहॉक वस्तीत १९९४ मध्ये शाळांमधून मधुमेह प्रतिबंधाचं काम सुरू झालं. तिथं सल्लागार मंडळ समाजाचंच आहे आणि संशोधनाची आचारसंहिताही समाजानं सोबत बसून लिहिलेली आहे. आपल्याकडं तेवढं लांब जायचीही गरज नाही, पटेलांना आधी विचारलं असतं तरी चाललं असतं.

ताटाचं काम काकीच्या चुलीपाशी झालं. मोजमाप तिच्याच जर्मलच्या ताटात आणि वाटीत. ती एका वेळी चार वाट्या भात घ्यायची, दोन्ही वेळा, वर पातळ वरण. एका मध्यम वाटी भातात साधारण ३० ते ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. दिवसाला चार-पाच कप कोरा चहा, दर कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४०-५० ग्रॅम साखर चहातूनच. सगळ्यात आधी चहा धरला: दोन कप, एकेक चमचा, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नाही. हा शेवटचा नियम साखरेसाठी नव्हता, चहानं लोह अंगी लागत नाही म्हणून होता. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या होत्या.

भात चारवरून दोन वाट्यांवर आला, पण एकदम नाही. तीन आठवड्यांनी एक वाटी कमी. जागा भरायला घट्ट वरण किंवा उसळ दीड वाटी, आणि भाजी आधी खायची. पावसाळ्यात तरोटा, कुर्डू, करटुली, हिवाळ्यात अंबाडी, चुका, घरच्या कोंबडीची अंडी, बाजारातली सुकट, जवसाची चटणी. ज्वारी आठवड्यातून तीन दिवस, तेही विकत घेऊन परवडेल तेवढीच. ज्वारीत जादू नाही, तिच्यातही पिष्ट भरपूरच आहे. फरक तंतूंचा: ज्वारीत शंभर ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास, पांढऱ्या तांदळात तीनाच्या आत. चार भाकरी चेपल्या तर तो फरकही वाया जातो.

खरा अडथळा डाळीचा होता. पाच माणसांत रोज १०० ग्रॅम डाळ शिजत होती, ती पाव किलोवर न्यायची होती. वर्षातले ३०० दिवस धरले तर ७५ किलो डाळ, म्हणजे जात्यावर भरडताना होणारी घट धरून क्विंटलभर तूर. आणि तूर घरचीच होती, कापसात तास टाकलेली, पण आजवर खळ्यावरूनच सगळी विकली जायची, कृषी केंद्राची उधारी फेडायला. माघात नवरा-बायकोत यावरून दोन दिवस बोलाचाली झाली. अखेर ६० किलो मागं ठेवली. आहारतक्त्यात न दिसणारा हा निर्णय पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महाग आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगाचा होता.

मोहफुलांचा नियमही बदलला. वाळलेल्या मोहात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते, तेव्हा लाडू जेवणावर जेवण म्हणून नको. मूठभर उकडलेला मोह खायचा असेल त्या वेळी भाताची एक वाटी कमी. पूजेला लागतो त्यावर कुणी बोललं नाही.

गुड्यातले वैदू साखरेवर कडू पाला देतात. त्यांना टाळलं असतं तर लोक चोरून गेले असते. त्यांच्याशी बोलून दोनच गोष्टी ठरल्या: दवाखान्याची गोळी बंद करायला सांगायचं नाही, आणि पाला चालू केला तर आशाताईंना कळवायचं. त्यांनी हे पाळलं. उलट पायाला मुंग्या येणारे दोन म्हातारे त्यांनीच उपकेंद्रात पाठवले.

दुसरा निर्णय: व्यायाम कधी आणि कसला

मृगापासून दिवाळीपर्यंत निंदणी-वेचणीत वाकलेल्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणणं म्हणजे चेष्टाच. पण वर्ष सारखं नसतं. वर्षाची कामं महिन्यांप्रमाणं मांडली तेव्हा दिसलं की तूर काढल्यापासून मोह पडेपर्यंत, म्हणजे माघाचा शेवट ते फाल्गुन, अंगमेहनत जवळजवळ शून्यावर येते. दारात नळ आला, गिरणी आली, बाजाराला मोटारसायकल आली. हे सगळं हवंच होतं, पाण्याच्या घागरींचं कौतुक घागर न वाहणाऱ्यांनी करू नये. पण मेहनतीचा परिणाम इन्सुलिनवर दोन-तीन दिवसच टिकतो. सहा महिने राबलेलं सातव्या महिन्याला पुरत नाही.

म्हणून व्यायाम फक्त त्या रिकाम्या आठवड्यांसाठी आखला. आठवडी बाजाराचे चार किलोमीटर जाताना पायी, येताना गाडीनं. संध्याकाळी ढेमसा (गोंडांचा नाच), आठवड्यातून चार-पाच दिवस, अर्धा तास. आधी दिवाळीतल्या दंडारी नाचाचाच ‘व्यायाम कार्यक्रम’ करायची सूचना आली होती. देवारींनी ती तिथंच कापली: दंडारी देवाची आहे, वजन घटवायची नाही. ढेमसा मात्र लग्नात, आनंदात कधीही नाचतात, बाया-पुरुष दोघेही. पहिल्या आठवड्यात सहा जणी आल्या, नंतर ढोल वाजवणारी पोरं मिळाली तेव्हा गर्दी वाढली. ढोल नसेल त्या दिवशी कुणी येत नसे.

चैत्रात एक घोळ झाला. मोह वेचून आलेल्या काकीची बोटातली साखर २४१ आली. घाबरून मुलगा गाडी काढायला निघाला. आशाताईंनी साबणानं हात धुवायला लावून, कोरडे करून पुन्हा मोजली: ११८. फुलांचा चिकट रस बोटावर होता, पट्टीनं तोच मोजला. त्यानंतर पट्ट्यांचा डबाही तपासला. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. डबा माठाशेजारी, झाकणबंद पिशवीत हलवला. रक्तक्षय असताना ग्लुकोमीटर थोडं वाढीवच दाखवतं, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. मीटर फक्त शंका घ्यायला, निदान लॅबमध्ये.

परिणाम

सहा महिन्यांनी उपाशीपोटी १०३, कंबर ८१, हिमोग्लोबिन १०.६. वजन जाणूनबुजून घटवलं नाही, ते ५० वर होतं. वर्षानं पुन्हा चाचणी केली: १०१ आणि १४६. पूर्वमधुमेहाच्या उंबऱ्यावर, अजून आतच. एचबीए१सी मुद्दाम केलं नाही. रक्तक्षय सुधारताना तो आकडा आपोआप बदलतो आणि श्रेय भलत्यालाच जातं.

मग थोरल्याचं लग्न झालं, मुकादमाकडून उचल घेतली, आणि नवरा-बायको कोयत्यावर गेले. साडेचार महिने ऊसतोड. पहाटे तीनला उठणं, झोप पाच तास, दोन्ही वेळा भात आणि मिरचीचा ठेचा, तोंडात टाकायला बिस्किटं, गोड चहाला मोजदाद नाही. मागं ठेवलेली तूर श्रावणातच संपली होती. होळीला परतल्यावर काकी महिना-दीड महिना अंग टाकून पडली. वैशाखातल्या चाचणीत १०७ आणि १६८. वजन ४८, कंबर मात्र ८३; म्हणजे गेलं ते मांस, पोट नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

पटेल-देवारींची बैठक पहिली व्हायला हवी होती, तिसरी नव्हे. भिंतीवरच्या यादीचं नुकसान अजून भरून आलेलं नाही; त्यातली चार घरं आजही रक्त देत नाहीत.

पुरुषांना कुणी बोलावलंच नाही. सगळ्या बैठका बचत गटाच्या, दुपारच्या. पण तूर विकायची की ठेवायची, उचल घ्यायची की नाही, हे पुरुष ठरवतात. काकीच्या नवऱ्याची साखर दीड वर्षानं, तीही योगायोगानं तपासली गेली.

काकीच्या दोन बहिणींची आणि लेकीची तपासणी त्याच महिन्यात व्हायला हवी होती. लेक आता गरोदर आहे; तिला पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तपासलं, तिथं १४० ही रेष आहे, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासणार आहेत.

आणि स्थलांतराची तयारी शून्य होती. कोयत्यावर जाणाऱ्या घराबरोबर १५ किलो मूग-मटकी, भरडलेली डाळ, जवसाची चटणी, लोहाच्या चार महिन्यांच्या गोळ्या आणि आकड्यांची चिठ्ठी एवढं जाऊ शकलं असतं. फडावर उसळ शिजवायला वेळ नसतो हे खरं, पण रात्री भिजवून सकाळी डब्यात मोड आलेले मूग नेणाऱ्या टोळ्या आहेत.

गोळीचा प्रश्न आता पुन्हा उघडला आहे. डॉक्टरांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून ठेवलं आहे. ५०० मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणासोबत सुरू करायची तर आधी दोन आठवडे गुड्यातच असताना, म्हणजे पोट बिघडलं तर कळेल. पुढची चाचणी पोळ्यानंतरच्या आठवड्यात धरली आहे. मुकादम उचल घेऊन येतो त्याच्या आधी आकडा घरात यावा, एवढ्यासाठी. या वेळी नवराही सोबत जाणार आहे, उपाशीपोटी, बिनचहाचा.